वनस्पतींचे प्रकाशानुवर्तन व गुरुत्वानुवर्तन : एका संशोधनपरंपरेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

खिडकीतील रोप उजेडाकडे झुकते आणि बी मातीत कसेही पडले तरी मूळ खालीच जाते, हे शेतकऱ्यास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मात्र या परिचित घटनेची कारणमीमांसा करण्यास जवळजवळ दोन शतके लागली. पदवीच्या पाठ्यपुस्तकांत हा इतिहास चार आकृत्यांत आटोपतो. त्यामुळे हे ज्ञान सरळ रेषेत वाढत गेले, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. तो समज तपासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

नाइट यांचे पाणचक्र

इंग्लंडमधील फळबाग-अभ्यासक थॉमस अँड्र्यू नाइट यांनी 1806 मध्ये घेवड्याच्या बिया पाण्याच्या प्रवाहाने फिरणाऱ्या चाकावर बांधल्या. उभे चाक मिनिटास सुमारे 150 फेरे घेत असता मुळे परिघाबाहेर व कोंब मध्याकडे वाढले. आडवे चाक 80 फेऱ्यांवर आणल्यावर मुळे सुमारे 45 अंशांत खाली वळली. मूळ केवळ ओलाव्याच्या ओढीने खाली जात नसून गुरुत्वाकर्षणास प्रतिसाद देते, हे यातून प्रथमच प्रयोगाने दिसून आले.

डार्विन व झाक्स : वाद

चार्ल्स डार्विन व त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांचा ‘द पॉवर ऑफ मूव्हमेंट इन प्लँट्स’ हा ग्रंथ 1880 मध्ये प्रसिद्ध झाला. कॅनरी गवताच्या कोंबाचे टोक कथिलाच्या वर्खाच्या टोपीने झाकले असता कोंब वाकत नसे. खालचा भाग काळ्या वाळूत पुरला तरी वाकत असे. यावरून प्रकाशाची जाणीव टोकास होते व तिचा परिणाम खाली पोहोचतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मुळाच्या टोकाबाबतही त्यांचे मत असेच होते.

जर्मनीतील वुर्झबर्ग येथील युलियस फोन झाक्स हे तत्कालीन वनस्पती-शरीरक्रियाशास्त्रातील सर्वमान्य अधिकारी. फ्रान्सिस यांनी त्यांच्याच प्रयोगशाळेत काम केले होते. तरीही हे प्रयोग अकुशल हातांनी केलेले असून त्यांचा अर्थ चुकीचा लावला आहे, अशी टीका झाक्स यांनी केली. उपकरणांनी सज्ज प्रयोगशाळा आणि घरच्या खोलीत मांडलेल्या कुंड्या यांच्यातील हा सामना होता. मात्र झाक्स यांनी विकसित केलेले क्लिनोस्टॅट हे फिरते यंत्र पुढील संशोधनास अत्यंत उपकारक ठरले, हेही नमूद करणे न्यायाचे होईल.

संप्रेरकाचा शोध

वादाचा निकाल पुढील पिढीने लावला. डेन्मार्कचे बॉयसेन-येन्सेन यांनी 1910 च्या सुमारास दाखवले की, संदेश जिलेटिनमधून जातो, अभ्रकातून जात नाही. हंगेरीचे पाल यांनी 1919 मध्ये छाटलेले टोक एका बाजूस सरकवून ठेवले, तेव्हा अंधारातही कोंब वाकला. 1926 मध्ये उट्रेख्ट येथे फ्रिट्स वेंट यांनी ओटच्या टोकांतील द्रव्य अगरच्या तुकड्यात उतरवले. तेच ऑक्झिन.

वेंट व कीव्हचे खोलोद्नी यांनी स्वतंत्रपणे मांडलेल्या उपपत्तीनुसार ऑक्झिन एका बाजूस अधिक साचते. खोडात त्या बाजूची वाढ वेगाने होते, तर मुळात तेच प्रमाण वाढ रोखते. एकाच द्रव्याने खोड वर व मूळ खाली का वळते, याचा उलगडा असा झाला.

मूलटोपीतील जड पिष्टकण खाली बसल्याने दिशेची जाणीव होते, ही कल्पना हाबरलांट व नेमेत्स यांनी 1900 मध्येच मांडली होती. परंतु 1989 मध्ये पिष्टरहित उत्परिवर्तित रोपेही क्षीण प्रतिसाद देतात, असे आढळले व तिला मुरड घालावी लागली. निळा प्रकाश ग्रहण करणाऱ्या फोटोट्रॉपिन प्रथिनाचे जनुक 1997 मध्ये ओळखले गेले. पिष्टकणांवरील ‘लेझी’ प्रथिने कण खाली बसताच पेशीपटलाकडे जातात, हे 2023 मध्ये स्पष्ट झाले.

समारोप

या इतिहासात अधिकारी व्यक्तीचे मत चुकले आणि वर्ख व वाळू यांवर उभारलेला निष्कर्ष टिकला. तो टिकला, कारण इतरांनी तो पुनःपुन्हा पडताळला. आपल्याकडे मात्र हाच प्रयोग अनेकदा बी न पेरता, पुस्तकातील आकृती उतरवून प्रात्यक्षिक वहीत पूर्ण होतो. साधनांच्या अभावाचे कारण येथे लागू पडत नाही. ज्वारीचे मूठभर दाणे, एका बाजूस भोक पाडलेले खोके व वर्खाचा तुकडा एवढ्यावर तो ग्रामीण महाविद्यालयातही करता येतो. अपेक्षित निष्कर्ष न आल्यास तोही वहीत नोंदवू द्यावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.