डोंगराच्या पलीकडून आवाज येतोय का? : स्कीइंग आणि वॉकी-टॉकीची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा आपल्या या भागाचा मजकूर. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त अडखळणं काढून टाकलंय.

गेल्या महिन्यात एका श्रोत्याचा प्रश्न आला होता. ते चौघं मित्र हिवाळ्यात गुलमर्गला स्कीइंगला जाणार आहेत, कोणता वॉकी-टॉकी घ्यावा? प्रश्न साधा वाटला. पण उत्तर शोधायला बसलो आणि थेट 1936 सालात जाऊन पोचलो. म्हणून आज आधी इतिहास, मग खरेदी.

तर झालं असं. अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यात स्टोव नावाचं गाव आहे. 1936 च्या सुरुवातीला चार्ल्स मायनॉट डोल नावाचे एक गृहस्थ तिथे मित्रांसोबत स्कीइंग करत होते. पडले, घोटा मोडला. मदत मागायची कशी? एकच मार्ग होता. कुणीतरी खाली जायचं, माणसं गोळा करायची आणि परत वर यायचं. फ्रँक एडसन नावाचा त्यांचा मित्र मदत शोधायला गेला. तोवर डोल बर्फात पडून. शेवटी छपराच्या पत्र्याचा एक तुकडा मिळाला, त्याची घसरगाडी केली आणि त्यावरून त्यांना खाली आणलं. पुढे दोनेक महिन्यांतच तो एडसन एका स्की शर्यतीत अपघात होऊन गेला. डोल यांच्या मनाला हे फार लागलं आणि त्यांनी या प्रश्नाचा पिच्छाच पुरवला. 1938 मध्ये 'नॅशनल स्की पेट्रोल' ही संस्था उभी राहिली ती त्यातून. आज स्कीच्या उतारांवर लाल जाकीट आणि पांढरा क्रॉस घातलेले स्वयंसेवक दिसतात ना, त्यांची ही सुरुवात.

आता गंमत बघा. डोल बर्फात पडले होते त्याच काळात, त्याच खंडाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस नेमक्या याच अडचणीवर काम करणार होता. डोनाल्ड हिंग्ज. जन्म इंग्लंडचा, वाढला कॅनडात. खाणी चालवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला. या कंपनीची माणसं उत्तरेकडच्या निर्मनुष्य प्रदेशात खनिजं शोधत फिरायची, छोटी विमानं त्यांना नेऊन सोडायची. विमान कुठे उतरलं, माणसं जिवंत आहेत का, हे कळायला काही साधन नाही. हिंग्जनी 1937 मध्ये त्यांच्यासाठी उचलून नेता येईल असा दुतर्फा रेडिओ बनवला. म्हणजे वॉकी-टॉकी जन्माला आला तो युद्धासाठी नव्हे, तर रानावनात एकट्या पडलेल्या माणसासाठी. साधारण त्याच सुमारास अमेरिकेत अल ग्रॉस हा विशीतला तरुणही स्वतंत्रपणे हातात मावणारा सेट बनवत होता. पहिला कोण, यावर आजही वाद घालता येतो. मी घालणार नाही.

मग महायुद्ध आलं आणि सगळ्याला वेग आला. गॅल्व्हिन कंपनीने, म्हणजे पुढे जिचं नाव मोटोरोला झालं तिने, दोन सेट बनवले. पहिला एससीआर-536, 'हँडी-टॉकी'. एका हातात धरायचा, वजन सुमारे 2.3 किलो. एरियल ओढून बाहेर काढलं की सेट चालू, आत ढकललं की बंद. जमिनीवर रेंज जेमतेम दीड किलोमीटर. दुसरा एससीआर-300, पाठीवर घ्यायचा, 15 ते 17 किलोचा. लोक ज्याला 'वॉकी-टॉकी' म्हणू लागले तो हा. डॅन नोबल यांनी आग्रह धरला की हा एफएमवर चालला पाहिजे, आणि हेन्रिक मॅग्नुस्की या पोलिश इंजिनियरने त्याचा रेडिओचा भाग रचला. आधीच्या एएम सेटमध्ये खरखर फार यायची. एफएममुळे आवाज स्वच्छ झाला आणि रेंज गेली पाच किलोमीटरच्या आसपास.

इथे जरा थांबू. मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे मला यातली एक गोष्ट फार आवडते. हे सगळे सेट 'हाफ डुप्लेक्स'. म्हणजे एका वेळी एकानेच बोलायचं. फोनसारखं मधे तोंड घालता येत नाही. बटण दाबलं की तुमचे कान बंद. म्हणून मग 'ओव्हर' आलं, 'रॉजर' आलं. सिनेमात ऐकून आपल्याला ती स्टाइल वाटते, पण तो खरं तर प्रोटोकॉल आहे. माझं बोलणं संपलं, आता चॅनल तुझा. तुझं मला मिळालं. नेटवर्किंगच्या पुस्तकात आम्ही जे 'अ‍ॅकनॉलेजमेंट' म्हणून शिकतो, ते ही माणसं हातमोजे घालून, बर्फात उभं राहून करत होती.

युद्ध संपलं. अमेरिकेच्या 10 व्या माउंटन डिव्हिजनमधले सैनिक, म्हणजे स्कीवर लढायला शिकलेले लोक, घरी परतले आणि त्यांच्यातल्या कित्येकांनी स्की रिसॉर्ट काढले. कोलोरॅडोतलं व्हेल त्यातलंच. रेडिओ मात्र बराच काळ पेट्रोलवाल्यांकडेच राहिला, कारण परवाना आणि किंमत. सामान्य माणसासाठी 'सिटिझन्स बँड' होता, पण त्याची 27 मेगाहर्ट्झची तरंगलांबी 11 मीटर. एवढ्या लांब तरंगाला एरियलही लांब लागतं. खिशात घालून स्कीइंग करायचं तर अवघडच.

हे चित्र बदललं 1996 मध्ये. रेडिओशॅक कंपनीने दोन वर्षांपूर्वी केलेल्या अर्जावरून अमेरिकी सरकारने 'फॅमिली रेडिओ सर्व्हिस' सुरू केली. 462 आणि 467 मेगाहर्ट्झ, 14 चॅनल, अर्धा वॉट ताकद, परवाना नको. तरंगलांबी 65 सेंटिमीटर, त्यामुळे बोटभर एरियल पुरलं. युरोपात थोड्याच काळात 446 मेगाहर्ट्झवर तशीच सोय झाली. आणि मग स्कीच्या उतारांवर रंगीबेरंगी सेट दिसायला लागले. आईबाबा कॅफेत, मुलं डोंगरावर, 'कुठे आहेस? जेवायला ये.'

पण मंडळी, जेवायला बोलावणं वेगळं आणि जीव वाचवणं वेगळं. त्यासाठी एक समांतर गोष्ट सांगावी लागेल.

हिमस्खलनात गाडल्या गेलेल्या माणसाकडे वेळ फार कमी असतो. पहिली दहा-पंधरा मिनिटं महत्त्वाची, त्यानंतर वाचण्याची शक्यता झपाट्याने घसरते. पूर्वी लोक कमरेला लांब लाल दोरी बांधून जायचे, तिचं टोक तरी बर्फावर दिसेल या आशेने. 1968 मध्ये जॉन लॉटन यांनी कॉर्नेलच्या प्रयोगशाळेत 'स्काडी' हा बीकन बनवला. नाव नॉर्स पुराणातल्या हिवाळ्याच्या आणि स्कीच्या देवतेचं. 1986 मध्ये बीकनसाठी 457 किलोहर्ट्झ हे आंतरराष्ट्रीय मानक ठरलं. हाही रेडिओच, पण याला बोलता येत नाही. तो फक्त म्हणतो, 'मी इथे आहे, मी इथे आहे.' आणि तेही सगळं घडून गेल्यावर कामाला येतं.

घडण्याआधीचं काय?

19 फेब्रुवारी 2012. वॉशिंग्टन राज्यातलं स्टीव्हन्स पास. रिसॉर्टच्या हद्दीबाहेर, टनेल क्रीक नावाच्या उतारावर 16 जण गेले. नवखे नव्हते, त्यांच्यात व्यावसायिक स्कीअर होते, तो डोंगर पाठ असलेले लोक होते. बीकन होते, फावडी होती. एकामागोमाग एक उतरताना बर्फ सुटला आणि तिघं गेले. न्यूयॉर्क टाइम्सने त्यावर 'स्नो फॉल' हा लेख केला, ज्याला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. तो वाचताना मला एक गोष्ट सारखी टोचत राहते. गट तुकड्यातुकड्यांत विखुरला होता. वरच्यांना खालचं दिसत नव्हतं. मनात शंका असणारे लोक होते, पण इतके तज्ज्ञ सोबत असताना आपण कशाला बोला, असं वाटून गप्प राहणारेही होते. उपकरणं सगळी होती. बोलणं कमी पडलं.

त्या दशकात स्कीइंगवाल्यांचा रेडिओकडे बघण्याचा दृष्टिकोन बदलला. बीकन बनवणाऱ्या बॅककंट्री अ‍ॅक्सेस कंपनीने याच काळात खास स्कीसाठी सेट आणला. मुख्य डबा बॅगेत आणि माइक खांद्याच्या पट्ट्यावर, चॅनल बदलणं आणि आवाज कमी-जास्त करणं त्या माइकवरूनच. वरवर बघता छोटा बदल. पण विचार करा, रेडिओ बॅगेत असला की तो अपघातानंतर बाहेर येतो. खांद्यावर असला की अपघाताआधी वापरला जातो. कोलोरॅडोतल्या टेल्युराइडमध्ये तर स्थानिकांनी वेगवेगळ्या भागांना चॅनल ठरवून दिले, म्हणजे वरच्या अनोळखी गटाला खालच्या अनोळखी गटाशी बोलता यावं. 'आम्ही उतरतोय, खाली कुणी आहे का?' एवढं एक वाक्य.

आता आपल्या श्रोत्याच्या प्रश्नाकडे.

पहिली गोष्ट, खोक्यावरच्या '35 मैल' या आकड्यावर जाऊ नका. तो आकडा डोंगरमाथ्यावरून मोकळ्या दरीत, मधे काहीच नसताना मिळणारा. या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. ताकद चौपट केली तर मोकळ्या जागेत अंतर फक्त दुप्पट होतं, आणि मधे सोंड आली की तेही गेलं. जास्त वॉट शोधण्यापेक्षा चार पावलं चालून सोंडेवर उभं राहा.

दुसरी, 'प्रायव्हसी कोड' हा शब्द फसवा आहे. त्याने तुमचं बोलणं गुप्त राहत नाही, फक्त दुसऱ्यांचं तुम्हाला ऐकू येत नाही. चौघांचा चॅनल आणि कोड सारखाच आहे ना, हे हॉटेलातच तपासा.

तिसरी, थंडी. साधे अल्कलाइन सेल थंडीत लवकर मान टाकतात. लिथियमचे सेल बरे, आणि सेट जाकिटाच्या आत राहिला तर आणखी बरं. पण बीकनपासून तो दूर हवा. बीकन चालू असताना किमान 20 सेंटिमीटर, आणि शोधत असताना 50. माइकमधल्या स्पीकरलाही हेच लागू.

चौथी, कायदा. आपल्याकडे 2018 च्या नियमांनुसार 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या कमी ताकदीच्या सेटना परवाना लागत नाही, मात्र सेटला सरकारी मान्यता हवी. अमेरिकेतून भावाने आणलेला 462 वाला सेट इथे चालत नाही. ऑनलाइन काहीही विकलं जायचं म्हणून 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने विक्रेत्यांना नोटिसा काढल्या आणि नियमही केले. खरेदी करताना फ्रीक्वेन्सी लिहिली आहे का ते बघा, नसेल तर सोडा. आणि सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय नेऊच नका, जम्मू-काश्मीरमध्ये तर अजिबात नाही. तिथे बाहेरचं प्रीपेड सिमही चालत नाही, म्हणजे वर गोंडोलातून उतरल्यावर तुमचा फोन नुसता कॅमेरा झालेला असू शकतो. म्हणून तर सेट हवा.

शेवटचं, वापरायचं कसं. बटण दाबा, एक क्षण थांबा, मग बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. आधी समोरच्याचं नाव, मग स्वतःचं. वाक्य छोटं. ऐकलेलं परत म्हणून दाखवा: 'डाव्या बाजूने, झाडीपर्यंत, समजलं.' एक जण उतरून सुरक्षित जागी पोचला आणि तसं बोलला, की मगच दुसरा. आणि चौघांपैकी कुणालाही, अगदी सगळ्यात नवख्यालाही, 'मला हे बरोबर वाटत नाहीये' असं रेडिओवर म्हणायची मुभा आहे, हे निघण्याआधी मोठ्याने ठरवून घ्या.

सेट कोणताही घ्या, हे ठरवल्याशिवाय जाऊ नका. परत आलात की कळवा, गुलमर्गमध्ये रेंज कशी मिळाली ते पुढच्या एखाद्या भागात सगळ्यांना सांगू. भेटू.