समासाची फोड आणि वाचक

१६३८ मध्ये बंगळूर विजापूरकरांच्या हाती आले आणि पुढे शहाजीराजांकडे जहागिरीत गेले. त्यांच्या पदरी आलेल्या जयराम पिंड्ये या कवीने राजांपुढे बारा नारळ ठेवून आपल्याला बारा भाषांत कविता करता येते असे सुचविले, ही हकीकत त्याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त आहे. श्रोत्यागणिक भाषा बदलणारा हा कवी ग्रंथाला नाव देताना मात्र चार शब्दांचा एक सलग समास योजतो.

दरबारातील श्रोत्यांना तो जाचला नसावा. वाचणाऱ्याचा आवाज जेथे किंचित थांबे, तेथे समासाची फोड आपोआप होई. पोथीत तर शब्दाशब्दांतही अंतर नसे. ज्याला ओळच तोडून वाचावी लागे, त्याला समासाचे वेगळे भय ते काय? शिवाय दंडीने समासबहुलता हा गद्याचा प्राण मानला होता. व्युत्पन्न वाचकाला लांब समास ही अडचण नव्हती, मेजवानी होती.

छापखान्याने वाचक पालटला. वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये हा चंपू विस्तृत मराठी प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. इतिहासाच्या ओढीने तो हाती घेणारा वाचक संस्कृतज्ञ असेलच असे नव्हते, आणि तो मनातल्या मनात वाचणारा होता. अशा वाचकासाठी सुचणारा पहिला उपाय म्हणजे संयोगचिन्ह : राधा-माधव-विलास-चंपू. डोळ्याला विसावा मिळतो हे खरे; पण तिन्ही सांधे एकाच तोलाचे भासू लागतात. वस्तुतः राधा आणि माधव यांचा द्वंद्व आधी होतो, त्यांचा विलास नंतर येतो आणि त्या विलासाचे वर्णन करणारा चंपू सर्वांत शेवटी. रेघ सांधा दाखविते, नाते दाखवीत नाही.

जयरामाच्याच दुसऱ्या ग्रंथाने या उपायाची मर्यादा अधिक उघड होते. १६७३ मध्ये शिवाजीमहाराजांच्या सैन्याने पन्हाळा घेतला, त्यावरील हे ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’. येथे ‘ग्रहण’ आणि ‘आख्यान’ एका ‘णा’मध्ये विरघळले आहेत. रेघ द्यावयाची तर संधी सोडवावा लागतो, आणि संधी सोडविला की एक अक्षर वाढते. ग्रंथनामात हे खपेल, वृत्तात खपत नाही. मोरोपंतांची ‘केकावली’ प्रामुख्याने सतरा अक्षरी पृथ्वी वृत्तात आहे. तेथे वाढलेले अठरावे अक्षर चालच मोडून टाकील.

‘केकावली’वर दादोबा पांडुरंगांनी ‘यशोदापांडुरंगी’ ही टीका लिहिली (१८६५). मूळ चरणाला हात न लावता अर्थ गद्यात उकलावयाचा, हा टीकेचा जुना मार्ग संयोगचिन्हापेक्षा कितीतरी शहाणपणाचा म्हटला पाहिजे. विग्रह नाते सांगतो. ज्याला त्याची गरज नाही, तो वरची ओळ वाचून पुढे जातो. मात्र हा विग्रह त्याच पानावर हवा. परिशिष्टात ढकललेली फोड विद्यार्थी सहसा उघडून पाहत नाही.

ग्रंथालयांची गोष्ट आणखी वेगळी. एका आवृत्तीत सलग आणि दुसरीत तोडून छापलेले ग्रंथनाम सूचीत दोन निराळ्या जागी जाऊन बसू शकते. तेथे सलग रूप मुख्य मानून तोडलेल्या रूपाकडून त्याकडे निर्देश द्यावा, म्हणजे ‘पर्णाल’ एवढेच आठवणाऱ्यालाही पोथी सापडेल.