‘कसे वाटते?’ या प्रश्नाचे मोजमाप

ताप थर्मामीटरने मोजता येतो, रक्तातील साखर मिलिग्रॅममध्ये सांगता येते. पण ‘आता कसे वाटते?’ या प्रश्नाचे उत्तर मोजता येईल का? कर्करोगाच्या उपचारांच्या इतिहासात याच प्रश्नाने एक रूढ पद्धत बदलायला लावली. ती हकीकत शिक्षकांना जवळची वाटेल असे आम्हांला वाटते, कारण तिच्या केंद्रस्थानी एक प्रश्नपत्रिका आहे.

केमोथेरपीची सुरुवात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. १९४२ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात नायट्रोजन मस्टर्ड हे रसायन एका कर्करुग्णाला प्रथम देण्यात आले. युद्धातील विषारी मस्टर्ड वायूच्या कुळातलेच हे रसायन झपाट्याने विभागणाऱ्या पेशींना मारते. पण केसांच्या मुळांतील, आतड्याच्या अस्तरातील आणि अस्थिमज्जेतील निरोगी पेशीही झपाट्याने विभागत असतात. त्यामुळे गाठ आक्रसे, पण रोगीही हैराण होई. मग औषध लागू पडले असे कशावरून म्हणायचे? न्यूयॉर्कचे डॉ. डेव्हिड कार्नोफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस ० ते १०० अशी पट्टी तयार केली. काही तक्रार नसेल तर १००. स्वतःचे स्वतः करता येते पण कामधंदा जमत नाही, तर ७०. मृत्यू म्हणजे ०. ही पट्टी आजही वापरात आहे. मात्र तिच्यात गुण देतो तो डॉक्टर. रोग्याला स्वतःला काय वाटते त्याला जागा नाही.

पुढे औषधे वाढली. १९६५ साली बार्नेट रोझेनबर्ग यांना जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासताना दिसले, की प्लॅटिनमच्या अग्रांपासून तयार झालेली संयुगे जिवाणूंचे विभाजन थांबवतात. त्यातून आलेल्या सिसप्लॅटिनला १९७८ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. अंडाशयाच्या कर्करोगावर ते प्रभावी ठरले, पण उलट्यांनी रोगी बेजार होत. कार्बोप्लॅटिन हे त्याचे सौम्य भावंड आणि ऑन्डान्सेट्रॉन हे उलटीवरचे औषध येईपर्यंत १९९० उजाडले.

अंडाशयाचा कर्करोग पोटात गुपचूप पसरतो. बहुतेकींना तो उशिरा कळतो, आणि शस्त्रक्रिया व केमोथेरपीने आटोक्यात आला तरी पुष्कळदा उलटतो. उलटलेला रोग सहसा मुळापासून जात नाही. औषधाने तो काही काळ थोपवता येतो. अशा वेळी ‘किती दिवस?’ इतकाच ‘कसे दिवस?’ हा प्रश्नही मोलाचा ठरतो.

त्याचे उत्तर रोग्याकडूनच घ्यायचे म्हणून युरोपातील कर्करोग संशोधन संघटनेने नील ॲरनसन यांच्या पुढाकाराने ३० प्रश्नांची पत्रिका तयार केली. ती १९९३ साली प्रसिद्ध झाली. गेल्या आठवड्यात झोप लागली का, मळमळले का, आजारामुळे पैशाची अडचण आली का, असे साधे प्रश्न. बहुतेकांना उत्तरे चारच: अजिबात नाही, थोडे, बरेच, फार. चांगल्या परीक्षेला लावतो त्याच कसोट्या तिलाही लावल्या गेल्या. प्रकृती बदलली नसताना पुन्हा विचारले तर तेच उत्तर येते का? आजार बळावलेल्यांचे आणि बऱ्या असलेल्यांचे गुण वेगळे येतात का?

भाषांतरातही पारख लागते. मूळ पत्रिकेत बाजाराची जड पिशवी उचलता येते का, असा प्रश्न आहे. पुसद तालुक्यातील शेतकरीण तो प्रश्न पाण्याच्या हंड्यावरून समजून घेईल. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी या पत्रिकेची हिंदी व मराठी रूपे रुग्णांवर तपासून २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पैशाचा प्रश्नही इकडे मोठा. पुसदहून नागपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. दर तीन आठवड्यांनी तिकडे जायचे तर एस.टी.चे भाडे, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी आणि परतीच्या वाटेवरची मळमळ, हे सगळे उपचारांतच धरावे लागते.

आता ती रूढ पद्धत पाहू. रक्तातील सीए-१२५ हे प्रथिन रोग उलटण्याची चाहूल लक्षणांच्या काही महिने आधी देते. म्हणून ते वाढताच केमोथेरपी सुरू करीत. लवकर उपचार म्हणजे अधिक आयुष्य, हा तर्क कोणालाही पटेल असाच होता. ब्रिटनचे गॉर्डन रस्टिन आणि सहकाऱ्यांनी तो तपासला. हे प्रथिन वाढलेल्या ५२९ स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला लगेच औषध, दुसऱ्याला लक्षणे दिसल्यावर. पहिल्या गटाची केमोथेरपी सुमारे पावणेपाच महिने आधी सुरू झाली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांच्या आयुष्यमानात फरक आढळला नाही: मध्यक २५.७ आणि २७.१ महिने. मात्र प्रश्नपत्रिकेतील गुण घसरण्याची (किंवा मृत्यूची) वेळ लवकर औषध घेणाऱ्यांवर ३.२ महिन्यांत आली, थांबलेल्यांवर ५.८ महिन्यांत. औषध आधी सुरू झाले, तसा त्याचा त्रासही आधी सुरू झाला.

हा शेवटचा शब्द नव्हे. त्यानंतर नवी औषधे आली आणि निवडक रुग्णांत दुसऱ्या शस्त्रक्रियेचा उपयोगही दिसला. शिवाय ‘थांबणे’ म्हणजे लक्षणे अंगावर काढणे नव्हे. पोट फुगणे, भूक मंदावणे हे डॉक्टरांना लगेच सांगायलाच हवे.

ही दृष्टी आता आपल्याकडेही रुजते आहे. उलटी-मळमळीसाठी ओलांझापिन हे औषध १० मिलिग्रॅम देत. त्याने दिवसभर गुंगी येई. २.५ मिलिग्रॅमनेही तितकाच आराम पडतो आणि गुंगी कमी येते, असे टाटा रुग्णालयातील चाचणीने २०२४ साली दाखवले. अमेरिकेत ७६६ कर्करुग्णांवर केलेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१७ साली आला: जे आपली लक्षणे स्वतः नियमित नोंदवत आणि ज्यांच्या नोंदींकडे परिचारिका लक्ष देत, ते सरासरीने पाच महिने अधिक जगले.

यासाठी महागडे यंत्र लागत नाही. गावात अर्ज-कागद भरून देण्यासाठी लोक शिक्षकांकडेच येतात. एखाद्या घरी असा आजार असेल तर एका शंभर पानी वहीत रोजच्या चार ओळी लिहायला सुचवावे: झोप, भूक, उलटी, हातापायांना येणाऱ्या मुंग्या, आणि त्या दिवशी घरातले काय करता आले. पुढच्या खेपेला ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी.