खबर होती, पण गल्लीपर्यंत आली नाही

हैदराबादच्या मराठी आठवणी म्हटलं की आपण विवेकवर्धिनी, मराठी ग्रंथसंग्रहालय, काचिगुड्याचे गणपती यांच्याबद्दल लिहितो. आजचा विषय कडू आहे. पण तोही आपल्याच गल्ल्यांचा इतिहास, म्हणून लिहितोय.

२५ ऑगस्ट २००७, शनिवार. संध्याकाळी लुंबिनी पार्कात आणि कोठीच्या गोकुळ चाटवर पाठोपाठ स्फोट झाले. ४० हून अधिक माणसं गेली. लुंबिनीत लेझर शो बघायला संगमनेरच्या इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं सहलीने आली होती, त्यातली सात घरी परतली नाहीत. गोकुळ चाट तर सुलतान बाजारातल्या मराठी घरांपासून हाकेच्या अंतरावर. पाहुणा आला की आम्ही त्याला हमखास तिथे न्यायचो. त्या रात्री आमच्याकडे प्रत्येक घराने आपापली माणसं मोजली. त्याच संध्याकाळी दिलसुखनगरला पादचारी पुलापाशी आणखी एक बॉम्ब सापडला. तो फुटला नाही, निकामी केला गेला.

म्हणजे दिलसुखनगर निशाण्यावर आहे हे २००७ मध्येच कळलं होतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये दिल्ली पोलिसांनी पुण्याच्या स्फोटांच्या प्रकरणात पकडलेल्या संशयितांकडून कळलं की त्यांनी दिलसुखनगरची पाहणी केली होती. आणि २१ फेब्रुवारी २०१३ ला तिथेच, ऐन गर्दीच्या वेळी, सायकलींवर ठेवलेले दोन बॉम्ब फुटले. १७ माणसं आणि आईच्या पोटातलं एक बाळ गेलं. तेव्हाचे केंद्रीय गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे म्हणाले, राज्यांना दोन दिवस आधी सावध केलं होतं, पण नेमकं ठिकाण माहीत नव्हतं.

मला हेच खुपतं. खबर नव्हती असं नाही. खबर होती, पण ती मिर्चीभजी तळणाऱ्या दुकानदारापर्यंत, बसथांब्यावरच्या माणसापर्यंत पोचली नाही.

वरच्या पातळीवर जुळवाजुळव झाली नाही असंही नाही. कारगिलनंतर, २००१ मध्ये, गुप्तवार्ता विभागात सगळ्या यंत्रणांची माहिती एकत्र करणारं 'मल्टी एजन्सी सेंटर' उभं राहिलं. मुंबईच्या २६/११ नंतर ते बळकट केलं, राज्याराज्यांत त्याच्या शाखा झाल्या आणि तपासासाठी एनआयए आली. २०१२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्र काढायचं ठरवलं. पण गुप्तवार्ता विभागाच्या हाती अटकेचे अधिकार जातील म्हणून अनेक राज्यांनी विरोध केला आणि ते बारगळलं. राज्यांची हरकत अगदीच चुकीची नव्हती. चुकीच्या माणसाला उचललं की काय होतं, ते आमच्या शहराने पाहिलं होतं.

१८ मे २००७ ला मक्का मशिदीत जुम्म्याच्या नमाजाच्या वेळी स्फोट झाला. त्यानंतर जुन्या शहरातली कितीतरी मुसलमान पोरं पकडली गेली. पुढे ती निर्दोष सुटली. सरकारने त्यांना भरपाई देऊ केली, पण गेलेले दिवस कोण देणार? नंतर दुसऱ्या लोकांवर खटला चालला, २०१८ मध्ये तेही पुराव्याअभावी सुटले. ज्या गल्लीतून निरपराध पोरगा उचलला जातो, ती गल्ली पोलिसांशी बोलायची थांबते. मग कुणी बेवारस सायकल पाहिली तरी मनात येतं, "नक्को बाबा, कायकू झंझट?"

दिलसुखनगरच्या खटल्यात एनआयएने तपास तडीस नेला. २०१६ मध्ये पाच जण दोषी ठरले, २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांची फाशी कायम केली. स्फोटानंतर २०१३ मध्येच गर्दीच्या दुकानांना, संस्थांना कॅमेरे सक्तीचे करणारा कायदा आला. हे सगळं चांगलंच. पण कॅमेरा बहुतेक वेळा घडून गेल्यावर उपयोगी पडतो. घडण्याआधी दिसतं ते चहावाल्याला, भाडेकरू ठेवणाऱ्या घरमालकाला, मंडपातल्या कार्यकर्त्याला.

म्हणून मला वाटतं, दिल्लीतल्या कार्यालयांची जुळणी जितकी गरजेची, तितकीच गल्ली आणि ठाणं यांची. आपले गणेशोत्सव ठाण्याच्या परवानगीनेच होतात. मग वर्षातून एकदा कागदावर सही घेण्यापुरतं तरी का भेटायचं? शेजारचा मोहल्ला, आपली मंडळं आणि ठाण्याचा अधिकारी एका सतरंजीवर नेहमी बसले, तर वरून आलेली खबर खाली पोचेल आणि खालची भीतीही वर जाईल. गोकुळ चाटवर आज पुन्हा तीच गर्दी असते. ती तशीच राहावी, एवढंच मागणं.