पाषाण कोणाचा?

पूर्वींच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यांतील कर्जत व खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशीं वसले आहेत. येथें सोनें नाहीं, कोळसा नाहीं. आहे तो काळा पाषाण. १८६३ सालीं पुरा झालेला बोरघाटाचा लोहमार्ग याच पाषाणांतून कोरून काढला. आणि आजची खडीहि त्याचीच.

हा पाषाण कोणाचा? मराठेशाहींतील इनामपत्रांत गांव देतांना ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप’ अशी नामावळी येई. अर्थात् दगड हें स्वतंत्र धन मानलें जाई, व तें राजास देऊन टाकतां येई. इंग्रज सरकारनें १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याच्या ६९ व्या कलमानें इनामेतर जमिनींतील खनिजांचा हक्क आपल्याकडे राखिला; मात्र कबजेदाराच्या चालू हक्कांस हात लाविला नाहीं. स्वराज्यांत १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनें ४८ व्या कलमांत ही मर्यादा पुष्कळच ओलांडिली. सरकारी सनदेंत निराळें लिहिलें नसेल, तर खनिज भूपृष्ठावर असो वा पोटांत, तें राज्य सरकारचें.

१९५७ च्या केंद्रीय कायद्यानें इमारती दगड, खडी, साधी माती व वाळू यांस ‘गौण खनिज’ म्हटलें, आणि त्यांचे नियम व दर ठरविण्याचें काम राज्यांकडे सोंपविलें. महाराष्ट्राचे चालू नियम २०१३ चे आहेत. खाणवाला ब्रासामागें, म्हणजे शंभर घनफुटांमागें, जें स्वामित्वधन भरतो, तो कर कीं किंमत? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २५ जुलै २०२४ रोजीं आठ विरुद्ध एक अशा मतानें निर्णय दिला कीं, स्वामित्वधन हा कर नव्हे. खनिजाच्या हक्कावर वेगळा कर बसविण्याचा अधिकारहि राज्यांस आहे.

या निर्णयाचा खरा बोध तिजोरीपुरता नाहीं. स्वामित्वधन ही किंमत असेल, तर सरकार हें केवळ वसूल करणारें नसून मालक ठरतें. आणि मालकास मिळकतीची काळजी वाहावी लागते. शेतसारा दरसाल येतो, कारण शेत दरसाल पिकतें. डोंगर एकदांच विकतां येतो. २००३ सालीं कर्जत तालुक्यांतील माथेरान व त्याचा परिसर संवेदनशील ठरवून तेथें नव्या खाणींस बंदी झाली, ती याच जाणिवेनें. परंतु त्या रेषेबाहेरचा डोंगरहि पुन्हां उगवत नाहीं. तेथील पाण्याचा व रानाचा हिशेब ब्रासाच्या मापांत बसत नाहीं. कायद्यानें पाषाणास गौण म्हटलें. त्याच्या पायथ्याच्या गांवांस मात्र तो कधींच गौण नव्हता.