साहसी मोटारसायकलींतील इलेक्ट्रॉनिक सुधारणा आणि चालकांचे मत : एक ऐतिहासिक आढावा (१९८० ते २०२५)

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा निर्मात्यांच्या बाजूने लिहिला जातो. कोणता शोध कोणी लावला, तो कोणत्या वर्षी बाजारात आला, त्यामुळे उत्पादनात कोणता पालट झाला, एवढ्या नोंदींपाशी तो थांबतो. ज्यांच्या हाती ते यंत्र पडले त्यांनी त्याचे स्वागत केले की त्याला विरोध केला, आणि त्या विरोधामुळे यंत्राच्या रचनेत काही बदल घडून आला काय, हा प्रश्न मागे पडतो. मोठ्या साहसी मोटारसायकलींचा गेल्या पंचेचाळीस वर्षांचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. डांबरी रस्ता आणि कच्ची वाट या दोहोंवर शेकडो किलोमीटर चालावी अशा बेताने घडविलेली ही मोटारसायकल. तिचा चालक वस्तीपासून दूर, अनेकदा एकटा असतो. म्हणून यंत्रातील प्रत्येक नव्या सुधारणेविषयी त्याचे मत केवळ आवडीनिवडीचे राहत नाही. 'हे बिघडले तर मी घरी कसा पोहोचेन?' हा प्रश्न त्या मतामागे असतो.

प्रस्तुत लेखात या मतांचा कालक्रमाने मागोवा घेतला आहे. प्रवासवर्णने आणि मोटारसायकलविषयक लेखनातून व्यक्त झालेली मते हे त्याचे एक साधन होय. चालकांच्या तक्रारींनंतर निर्मात्यांनी केलेले फेरबदल हे दुसरे आणि अधिक विश्वसनीय साधन होय.

१. इलेक्ट्रॉनिक युगापूर्वीचा मतभेद

यंत्राशी चालकाचे नाते कसे असावे हा वाद इलेक्ट्रॉनिक्सने निर्माण केलेला नाही. रॉबर्ट पिर्सिग यांचा 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेंटेनन्स' हा ग्रंथ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील निवेदक आपल्या जुन्या मोटारसायकलीची देखभाल स्वतः करतो. त्याच्या सहप्रवासी मित्राला मात्र यंत्राच्या अंतरंगात शिरण्याची इच्छा नाही. चांगल्या बनावटीची महाग मोटारसायकल घ्यावी आणि दुरुस्तीची वेळच येऊ नये, अशी त्याची धारणा आहे. विशेष म्हणजे त्या मित्राची मोटारसायकल बीएमडब्ल्यू कंपनीची आहे, आणि पुढे इलेक्ट्रॉनिक सुधारणांचा सर्वांत मोठा वाद याच कंपनीच्या वाहनांभोवती घडला. यंत्र समजून घेणारा आणि यंत्रावर विसंबणारा, असे चालकांचे दोन वर्ग तेव्हाही होते.

याच काळात टेड सायमन या इंग्रज पत्रकाराने १९७३ ते १९७७ या चार वर्षांत ट्रायम्फ कंपनीच्या ५०० सीसी मोटारसायकलीवरून जगप्रदक्षिणा केली. त्या प्रवासात भारतही होता. वाटेत वारंवार बिघाड झाले, ते वाटेतच दुरुस्त झाले, आणि त्या निमित्ताने स्थानिक माणसांशी परिचय घडला. दूरच्या प्रवासाचा हा आदर्श पुढील पिढीच्या मनात रुजला. बिघाड हा प्रवासाचाच भाग आहे आणि दुरुस्ती ही प्रवाशाची विद्या आहे, असा तो आदर्श होता.

१९८० मध्ये बीएमडब्ल्यूने 'आर ८० जी/एस' हे वाहन सादर केले. सुमारे ८०० सीसीचे, हवेने थंड होणारे, ५० अश्वशक्तीचे हे दोन सिलिंडरांचे इंजिन होते. १९८१ आणि १९८३ मध्ये ह्यूबर्ट ऑरिओल, तर १९८४ आणि १९८५ मध्ये गॅस्टन राहियेर यांनी या मालिकेतील वाहनांवर पॅरिस-डाकार शर्यत जिंकली. मोठ्या इंजिनाचे वाहन वाळवंटातही चालू शकते हे त्यामुळे सिद्ध झाले. कार्ब्युरेटर, स्पार्क प्लग आणि व्हॉल्व्ह यांची जुळवणी मालकाला चार पान्यांनिशी करता येत होती. टेड सायमन यांनी २००१ मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, पुन्हा जगप्रवास आरंभिला तो याच जुन्या घराण्यातील 'आर ८० जीएस' वरून.

२. एबीएस : संशयाचा काळ

मोटारसायकलीवर इलेक्ट्रॉनिक अँटी-लॉक ब्रेक प्रणाली, म्हणजे एबीएस, प्रथम १९८८ मध्ये बीएमडब्ल्यूच्या के १०० मालिकेत आली. तिचे वजन सुमारे ११ किलो होते. साहसी वर्गात ती १९९४ च्या सुमारास 'आर ११०० जीएस' बरोबर पोहोचली. त्याच वाहनात कार्ब्युरेटरची जागा इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनने घेतली.

अनुभवी चालकांचा एबीएसला असलेला आक्षेप केवळ जुन्याच्या प्रेमापोटी नव्हता. पक्क्या ओल्या रस्त्यावर चाक जाम झाले की वाहन घसरते, म्हणून तेथे एबीएस उपकारक ठरते. खडी, मुरूम किंवा वाळू असलेल्या उतारावर स्थिती निराळी असते. तेथे जाम झालेल्या चाकापुढे सैल मातीचा ढीग साचतो आणि तोच वाहनाला अडवतो. एबीएस चाक जाम होऊ देत नाही. त्यामुळे हा ढीग साचत नाही आणि थांबण्याचे अंतर वाढते. शिवाय मागचे चाक हेतुपुरस्सर घसरवून वाहन वळविणे हे कच्च्या वाटेवरचे जुने कौशल्य आहे, आणि नव्या प्रणालीने तेही हिरावले. हा आक्षेप भौतिकशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा होता. निर्मात्यांनाही तो मान्य होता, कारण 'आर ११०० जीएस' मध्येच एबीएस बंद करण्याची सोय ठेवलेली होती.

याउलट जेथे चालकाच्या हाती काही ठेवले नाही तेथे असंतोष वाढला. २००१ पासून बीएमडब्ल्यूने आपल्या काही वाहनांत विद्युत पंपाच्या साहाय्याने चालणारे सर्वो-ब्रेक दिले. विद्युतपुरवठा चालू असताना हे ब्रेक अतिशय प्रभावी असत. तो खंडित झाल्यास मात्र अल्प शक्ती शिल्लक राही आणि ब्रेक दाबण्यास फार जोर लागे. ब्रेकसारखी मूलभूत गोष्ट बॅटरीवर अवलंबून असावी, हे अनेक चालकांना पटले नाही. २००६-०७ च्या सुमारास कंपनीने हा सर्वो-पंप काढून टाकला. एबीएस मात्र कायम ठेवले. चालकांनी इलेक्ट्रॉनिक साहाय्य सरसकट नाकारले नव्हते, त्याचा एक विशिष्ट प्रकार नाकारला होता, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

३. २००४ : एका वर्षातील दोन घटना

२००४ मध्ये इवान मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन या अभिनेत्यांनी लंडनपासून पूर्वेकडे न्यूयॉर्कपर्यंत केलेला प्रवास 'लाँग वे राउंड' या दूरचित्रवाणी मालिकेतून गाजला. त्यांची वाहने 'आर ११५० जीएस ॲडव्हेंचर' ही होती. मंगोलियात त्यांच्या कॅमेरामनच्या मोटारसायकलीचा सांगाडा मोडला, तेव्हा त्याने 'इझ प्लानेटा' ही साधी रशियन मोटारसायकल घेऊन पुढचा टप्पा पार केला. हा बिघाड इलेक्ट्रॉनिक नव्हता. तरीही साध्या यंत्राच्या समर्थकांना त्यात आपल्या मताचा पुरावा दिसला. दुसरीकडे याच मालिकेने मोठ्या, सुसज्ज साहसी मोटारसायकलींची लोकप्रियता वाढविली. एकाच घटनेतून परस्परविरोधी निष्कर्ष काढले गेले.

त्याच वर्षी आलेल्या 'आर १२०० जीएस' मध्ये कॅन-बस ही विद्युतरचना आली. स्वतंत्र तारा आणि फ्यूज यांऐवजी नियंत्रक एकमेकांशी संकेतांनी बोलू लागले. जादा दिवा बसविण्यासाठी तार जोडणे हे ज्या चालकाला सहज जमत होते, त्याला आता दोष-संकेत वाचण्यासाठी अधिकृत विक्रेत्याकडे जावे लागे. वादाचे स्वरूप येथे पालटले. 'हे उपकरण उपयुक्त आहे काय' या प्रश्नाची जागा 'या यंत्रावर अधिकार कोणाचा' या प्रश्नाने घेतली.

यावर चालकांचा प्रतिसाद केवळ तक्रारीचा नव्हता. दक्षिण आफ्रिकेत 'जीएस-९११' हे छोटे निदान-उपकरण तयार झाले. त्याच्या साहाय्याने बीएमडब्ल्यूचे दोष-संकेत मालकाला स्वतः वाचता येऊ लागले. दूरच्या प्रवासाला निघालेले चालक पाना आणि पंक्चरच्या साहित्याबरोबर हे उपकरणही सामानात ठेवू लागले. दुरुस्तीची विद्या लोप पावली नाही. तिने माध्यम बदलले.

४. स्वीकाराचा काळ आणि त्याची कारणे

२०१० नंतर सुधारणांचा वेग वाढला. २०१० च्या डुकाटी मल्टिस्ट्राडा १२०० मध्ये बटणाने इंजिनाची शक्ती आणि ट्रॅक्शन कंट्रोल बदलणारे चार चालन-प्रकार होते. २०१३ च्या 'आर १२०० जीएस' मध्ये इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आले. केटीएमच्या '११९० ॲडव्हेंचर' मध्ये २०१४ च्या प्रतिमानापासून वाहनाचा झुकाव मोजून वळणावरही काम करणारे एबीएस मिळू लागले. २०१६ च्या प्रतिमानापासून होंडा 'आफ्रिका ट्विन' मध्ये क्लचविना चालणारी दुहेरी क्लच गिअर-प्रणाली पर्याय म्हणून उपलब्ध झाली.

या काळात विरोधाची धार बोथट झाली. त्याची तीन कारणे दिसतात. पहिले कारण वजनाचे. १९८८ ची ११ किलोची एबीएस प्रणाली दोन दशकांत बॉशच्या नव्या पिढीत सुमारे ७०० ग्रॅमवर आली. दुसरे कारण पुराव्याचे. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने एकाच वाहनाच्या एबीएससह आणि एबीएसविना आवृत्त्यांची तुलना केली. तिच्या २०१३ च्या विश्लेषणानुसार एबीएस असलेल्या मोटारसायकलींच्या प्राणघातक अपघातांचे प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी होते. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण पर्यायाचे. केटीएमने पुढच्या चाकाचे एबीएस चालू ठेवून मागचे चाक मोकळे सोडणारा 'ऑफ-रोड' प्रकार दिला. १९९० च्या दशकात अनुभवी चालक जे मागत होते, तेच आता सॉफ्टवेअरच्या भाषेत त्यांना परत मिळाले.

युरोपीय संघाने १२५ सीसीवरील मोटारसायकलींना २०१६ पासून नव्या प्रतिमानांसाठी आणि २०१७ पासून सर्व नव्या वाहनांसाठी एबीएस अनिवार्य केले. एन्ड्युरो आणि ट्रायल प्रकारच्या खास वाहनांना त्यातून वगळले. कच्च्या वाटेवरील आक्षेपाची ही एक प्रकारे कायदेशीर नोंदच होय.

५. भारतीय संदर्भ

भारतात हा सारा इतिहास थोडक्या वर्षांत घडला. २०१६ मध्ये आलेली ४११ सीसीची रॉयल एनफील्ड 'हिमालयन' कार्ब्युरेटरची आणि एबीएसविना होती. आकाराने ती मोठ्या वर्गात मोडत नाही, परंतु तिच्यावरील चर्चा तीच होती. लडाखमध्ये पाच हजार मीटरच्या वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास येतो. तेथे कार्ब्युरेटर हवेच्या मानाने अधिक पेट्रोल सोडतो आणि इंजिन गुदमरते. फ्युएल इंजेक्शन हे प्रमाण आपोआप सांभाळते. २०१७ मध्ये या वाहनात फ्युएल इंजेक्शन आले, २०१८ मध्ये एबीएस आले आणि २०२० मध्ये मागच्या चाकाचे एबीएस बंद करण्याची सोय आली. युरोपात ज्या वादाला दोन दशके लागली तो येथे चार वर्षांत त्याच तडजोडीपाशी पोहोचला. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना भारतातही एबीएस बंधनकारक झाले.

महाराष्ट्राचा संबंध चाकणमार्गे येतो. बजाज ऑटोने २००७ मध्ये केटीएममध्ये भागभांडवल घेतले. जानेवारी २०२० मध्ये चाकणला तयार झालेली '३९० ॲडव्हेंचर' वळणावरील एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोलसह भारतीय बाजारात आली. जी साधने काही वर्षांपूर्वी केवळ हजार सीसीवरील वाहनांत होती, ती मध्यम आकाराच्या वाहनांत उतरली.

६. साधेपणाची मागणी आणि तिची मर्यादा

स्वीकार सार्वत्रिक मात्र नव्हता. २०१९ मध्ये आलेल्या यामाहाच्या 'टेनेरे ७००' मध्ये बंद करता येणाऱ्या एबीएसखेरीज चालकाला साहाय्य करणारी इलेक्ट्रॉनिक प्रणाली जवळजवळ नव्हती. ट्रॅक्शन कंट्रोल नाही, चालन-प्रकार नाहीत, थ्रॉटल तारेचा. हा साधेपणा हेच तिचे आकर्षण ठरले. त्यानंतर थोड्याच काळात डुकाटीच्या 'मल्टिस्ट्राडा व्ही ४' मध्ये पुढे-मागे रडार आले. एकाच बाजारात दोन्ही टोके एकाच वेळी नांदू लागली. परंतु २०२५ च्या प्रतिमानात 'टेनेरे ७००' मध्येही इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल, ट्रॅक्शन कंट्रोल आणि चालन-प्रकार आले. उत्सर्जनाचे नियम कडक होत गेले तसतसे साधेपणाचे आश्रयस्थान आकुंचन पावले.

याच सुमारास एक नवी तक्रार पुढे आली. केटीएमच्या काही मोठ्या वाहनांत सर्व इलेक्ट्रॉनिक सोयी आरंभीच्या १,५०० किलोमीटरपर्यंत खुल्या असत. पुढे त्यांपैकी काही पैसे भरून घ्याव्या लागत. यंत्रसामग्री मालकाच्या वाहनात होती, पण तिचे कुलूप कंपनीच्या हाती होते. २००४ मध्ये उपस्थित झालेला अधिकाराचा प्रश्न येथे अधिक उघडपणे समोर आला.

समारोप

नवे तंत्र आले, जुन्या पिढीने विरोध केला आणि कालांतराने तो मावळला, अशी या इतिहासाची मांडणी करणे सोपे आहे. परंतु ती वस्तुस्थितीला धरून होणार नाही. चालकांच्या विरोधात दोन वेगळे प्रवाह होते. 'हे साधन माझ्या वाटेवर नीट चालत नाही' हा पहिला प्रवाह होय. त्याला निर्मात्यांनी बंद करण्याचे बटण, स्वतंत्र ऑफ-रोड प्रकार आणि हलकी यंत्रणा यांनी उत्तर दिले. आजच्या एबीएसची रचना काही अंशी त्या आक्षेपांतूनच घडली आहे. 'हे साधन मला उघडता येत नाही' हा दुसरा प्रवाह होय. त्याला अद्याप समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. उलट सॉफ्टवेअरच्या कुलपांमुळे तो अधिक तीव्र झाला आहे.

पहिला प्रश्न अभियांत्रिकीचा होता, म्हणून अभियंत्यांनी तो सोडविला. दुसरा प्रश्न मालकीचा आणि ज्ञानाच्या वाटपाचा आहे. ट्रॅक्टरपासून भ्रमणध्वनीपर्यंत अनेक वस्तूंविषयी तो आज विचारला जात आहे. वस्तीपासून दूर एकट्याने थांबलेल्या मोटारसायकलस्वाराला तो अंमळ आधी जाणवला, इतकेच.