सर्व्हरवरच संपलेली लढाई

29 ऑक्टोबर 2013 ला ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’ (ईए) या अमेरिकी कंपनीने एक व्हिडिओ गेम रद्द केला. तो अजून बाजारात आलाही नव्हता. निवडक खेळाडू चाचणी म्हणून तो खेळत होते आणि काहींनी त्यात पैसेही घातले होते. कंपनीने ते परत केले आणि गेम बनवणारा ‘व्हिक्टरी गेम्स’ हा स्टुडिओही बंद केला. ‘कमांड अँड कॉन्कर: जनरल्स’चा दुसरा भाग असा येता येताच गेला.

या खेळाचं घराणं जुनं होतं. लास व्हेगासच्या ‘वेस्टवुड’ स्टुडिओने 1992 मध्ये ‘ड्यून 2’ काढला आणि संगणकावरच्या युद्धाची रीत बदलली. त्यात आपल्या पाळीची वाट बघायची सोय नव्हती. तळ बांधा, साधनसंपत्ती गोळा करा, त्या पैशातून फौज उभारा. विचार करत बसलात तर समोरचा रणगाडे घेऊन दारात हजर. 1995 मध्ये ‘कमांड अँड कॉन्कर’ आला, पुढच्याच वर्षी ‘रेड अलर्ट’. 1998 मध्ये ईएने वेस्टवुड विकत घेतला आणि 2003 मध्ये त्याला टाळं लावलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘जनरल्स’ आला. त्यात तीन बाजू होत्या: अमेरिका, चीन आणि ‘जीएलए’ नावाची काल्पनिक दहशतवादी संघटना.

या खेळातली एक गोष्ट चंद्रपूरकराला समजावून सांगावी लागत नाही, ती म्हणजे वीज. अमेरिका किंवा चीन घेतला की आधी वीज केंद्र बांधावं लागतं. वीज कमी पडली की रडार बंद, कारखान्यांचा वेग मंद, आणि पेट्रियट क्षेपणास्त्रं शत्रू समोर असूनही गप्प. म्हणूनच कसलेला खेळाडू पहिला घाव वीज केंद्रावर घालतो.

खऱ्या जगातही 2005 नंतरची काही वर्षं महाराष्ट्र भारनियमनाने हैराण होता. चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता तेव्हा 2,340 मेगावॉट होती. धूर आणि राख चंद्रपूरच्या वाट्याला, वीज मात्र राज्यभर. शेजारच्या गडचिरोलीतल्या खेड्यांत एकदा लाइन गेली की तासन्तास येत नसे.

खेळातल्या जीएलएला विजेची गरजच नाही. तिचा कामगार अनवाणी, निवडला की बूट मागणारा. सप्टेंबर 2003 मध्ये ‘झिरो अवर’ ही पुरवणी आली. तीत पैसे मोजून त्याला खरोखरच बूट घेऊन देता येऊ लागले आणि तो झपझप चालू लागला.

‘जनरल्स’ला भारतात जे आयुष्य मिळालं, त्यात इंटरनेटचा वाटा थोडाच. पायरेटेड सीडी, पुढे पेन ड्राइव्ह आणि कॉलेजच्या होस्टेलमधलं लॅन यांवर तो फिरला. एका खोलीत आठ पोर्टचा स्विच, खिडकीतून शेजारच्या खोलीत ओढलेली निळी केबल, प्रत्येकाने हाताने टाकलेला आयपी अ‍ॅड्रेस. एवढ्यावर आठ जणांची लढाई जुंपायची. कंपनीला याचा पत्ताही नसे आणि एक रुपयाही मिळत नसे.

दुसऱ्या भागाची घोषणा डिसेंबर 2011 मध्ये झाली.  ऑगस्ट 2012 मध्ये ईएने बेत बदलला. डबाबंद गेम विकायचा नाही. तो फुकट द्यायचा, ऑनलाइनच खेळवायचा आणि आतल्या वस्तू विकून कमाई करायची. एकट्याने खेळायच्या मोहिमा सुरुवातीला वगळल्या होत्या. जुन्या खेळाडूंनी ओरड केल्यावर त्या मागाहून देण्याचं आश्वासन मिळालं.

हा फुकटचा खेळ गडचिरोलीतल्या भामरागड किंवा एटापल्लीच्या पोराला महागच पडला असता. तिथल्या अनेक गावांत तेव्हा साधा फोन लागायची मारामार होती.  शिवाय सारा खेळ कंपनीच्या सर्व्हरवर. तो बंद झाल्यावर चाचणी खेळलेल्यांच्या हातीही चालवण्याजोगं काही उरलं नाही.

2014 मध्ये ‘गेमस्पाय’ ही सेवा बंद पडली आणि जुन्या ‘जनरल्स’चा अधिकृत ऑनलाइन आधारही गेला. लॅनवरचे डाव मात्र चालूच राहिले आणि इंटरनेटवर खेळणाऱ्यांसाठी चाहत्यांनी स्वतःचे सर्व्हर उभे केले. 27 फेब्रुवारी 2025 ला ईएने ‘जनरल्स’ आणि ‘झिरो अवर’चा सोर्स कोड खुल्या परवान्याखाली जाहीर केला. आता प्रोग्रामिंग जाणणारा कुणीही 2003 मधल्या त्या खेळातले दोष काढून तो नव्या संगणकावर चालवू शकतो. त्या दिवशी मालिकेतल्या इतर काही जुन्या खेळांचा कोडही खुला झाला. रद्द झालेला दुसरा भाग त्या यादीत नव्हता.